सोंड, हात आणि पाच प्लायचा खोका

घडवणारी : शाडूची मूर्ती पार्सलने पाठवू नये, या मतावर मी आलेय. चिंचवडला राहून, इथल्याच कंपन्यांत नोकरी करून पुढे बंगळूर, हैदराबाद, गुरुग्रामला गेलेली घरं दरवर्षी आषाढ लागला की फोन करतात. 'ताई, इथे मूर्ती मिळतात हो, पण तो चेहरा मिळत नाही.' मन पाघळतं. पण पाठवायची म्हणजे काय करायचं? जी वस्तू मी स्वतः दोन्ही हातांनी उचलते, एका फळीवरून दुसऱ्या फळीवर नेताना श्वास रोखते, ती अशा माणसाकडे द्यायची ज्याला आत काय आहे ते ठाऊक नाही, आणि ठाऊक असायचं कारणही नाही. त्याला दिवसभर खोकी गाडीत चढवायची असतात. त्याला मी बोल लावत नाही. पण नुसतं वाळलेलं, न भाजलेलं मातीचं रूप त्याच्या स्वाधीन केलं, तर चूक माझी. कुंभाराचं मडकं भट्टीतून निघालं की निदान पक्कं होतं. शाडू कधीच पक्का होत नाही. तो पाण्यात विरघळावा म्हणूनच आपण तो घेतो. विरघळण्यासाठी केलेल्या वस्तूने ऐन पावसाळ्यात हजार किलोमीटर टिकावं, ही अपेक्षाच मला उलटी वाटते.

बांधणारा : अवघड म्हणा, उलटी नका म्हणू. माझी उमेदीची वर्षं चाकणला एक्स्पोर्ट पॅकिंगमध्ये गेली. आपल्या या पट्ट्यातून रोज काय काय बाहेर पडतं ते बघा. हेडलॅम्पच्या काचा, डॅशबोर्डवरचे मीटर, केसाएवढा ओरखडा चालत नाही असे पॉलिश केलेले सुटे भाग. चाकणच्या तळेगाव चौकातले खड्डे आणि कोंडी ओलांडून हे सगळं बंदरापर्यंत जातं आणि तिथून पुढे समुद्रापार पोचतं. आणि नाजूक माल बाहेर धाडणं हे मोटारींबरोबर इथे आलं असंही नाही. तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली उभा राहिला. लोकांकडून पैसा पैसा गोळा करून, टिळकांच्या पाठिंब्याने. काच करायला शिकणं एक, आणि ती धड गिऱ्हाइकाच्या घरी पोचवणं दुसरं. दुसरं जमलं नसतं तर पहिल्याला अर्थ नव्हता. तेव्हा हाताशी पेंढा होता, आज फोम आहे.

तुम्ही मूर्तीच्या नाजूकपणाबद्दल बोलता, मी तिच्या थांबण्याबद्दल बोलतो. खोकं पडणार, हे आम्ही धरूनच चालतो. पार्सलच्या चाचणीची 'इस्टा' नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. तिच्या अगदी पहिल्या पातळीवर साडेनऊ किलोंच्या आतलं खोकं ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा पाडतात : एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहादा सहा बाजूंवर. पडणं आपल्या हातात नाही, पण किती अंतरात थांबायचं ते आपल्या हातात आहे. ७६ सेंटिमीटरवरून आलेली मूर्ती २ मिलिमीटरमध्ये थांबली, तर तिच्या प्रत्येक भागाला स्वतःच्या वजनाच्या सरासरी ३८० पट झटका बसतो. फोम दबत दबत तीच अडीच सेंटिमीटरमध्ये थांबली, तर ३० पट. तुमची सोंड २० ग्रॅमची धरा. पहिल्या खोक्यात त्या क्षणापुरती ती साडेसात किलोंची होते, दुसऱ्यात ६०० ग्रॅमची. साडेसात किलो लटकवले तर सोंड तुटणारच. ६०० ग्रॅम पेलतील अशी सोंड तुम्ही करू शकता की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

घडवणारी : हिशेब कळला, आणि खोटा नाही. पण माझ्या मूर्ती पडून मोडल्या नाहीत. ज्या एक-दोन घरांच्या हट्टाखातर पाठवल्या, त्या खोक्यात शाबूत होत्या. हात मात्र मोडलेला. आशीर्वादाचा उजवा हात, मनगटापाशी. आणि मी काही कसर ठेवली नव्हती. हाताच्या आणि छातीच्या मधल्या जागेत कागद नीट दाबून भरला होता, बबल रॅपचे वेढे दिले होते, वर 'नाजूक' अशी चिठ्ठी लावली होती.

बांधणारा : तो कागदच हात मोडतो, ताई. मऊ वस्तू भरली की आधार मिळाला, असं सगळ्यांनाच वाटतं. गाडी तासन्‌तास थरथरते, कागद दबतो, सरकतो आणि हाताला आतून बाहेर ढकलत राहतो. जे अवयव कमजोर, त्यांच्याभोवती पोकळी ठेवायची. सगळा भार घ्यायचा बैठकीवर, मांड्यांवर, पाठीवर. फोमचे जाड थर घ्या, एकावर एक रचून त्यात मूर्तीच्या बाहेरच्या रेषेने पोकळी कापा. बैठक आणि पाठ त्यात घट्ट बसली पाहिजे, पण सोंड, कान आणि बोटं यांना चहूकडून बोटभर मोकळी जागा हवी. कशालाच स्पर्श नको. बबल रॅप रंगावर थेट कधीच नाही. दमट हवेत रंग प्लास्टिकला चिकटतो आणि पितांबरावर बुडबुड्यांचे गोल उमटतात. आधी मऊ मलमल किंवा बटर पेपर, मग बाकीचं. हे आतलं खोकं पाच प्लायच्या दुसऱ्या खोक्यात, मध्ये सगळ्या बाजूंनी पाच सेंटिमीटर उशी. बंद करून कानाशी हलवायचं. आत काही हललं तर परत उघडायचं. आणि पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या आल्या पाहिजेत. आडव्या आल्या तर वरच्या खोक्यांच्या ओझ्याने खोका बसतो.

चिठ्ठीचं म्हणाल, तर मोठ्या सॉर्टिंग सेंटरमध्ये खोकी पट्ट्यावरून घसरगुंडीत जातात. पट्ट्याला वाचता येत नाही.

घडवणारी : आणि पाऊस? तुमचा पुठ्ठा कागदाचाच ना?

बांधणारा : दमट हवेत पुठ्ठ्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते, हे मान्य. म्हणून पावसाळ्यात खोका एक पायरी वरचा घ्यायचा. पण मोठी चूक आतल्या ओलीची होते. वरून कोरडी दिसणारी मूर्ती पोटात ओली असते. घाईने ती प्लास्टिकमध्ये बंद केली की ती ओल बाहेर येते, आतच फिरते, रंग फुगवते आणि जोड सैल करते. नीट वाळायला जे दिवस लागतात ते द्यायलाच हवेत. श्रावणात ऑर्डर घेऊन भाद्रपदात पोचवायचं म्हटलं, तर कुठलाही खोका उपयोगाचा नाही. हे मी तुमच्या बाजूने बोलतोय.

घडवणारी : बरं, मग पैशांचं बोलू. माझी नऊ इंची मूर्ती अडीच-तीन किलोंची. तुम्ही सांगता तसा खोका किती मोठा होईल?

बांधणारा : बाहेरून ३५ बाय ३३ बाय ४० सेंटिमीटर धरा. बहुतेक कुरिअरवाले लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार ५००० ने भागतात आणि येईल ते वजन लावतात. नऊ किलोंच्या थोडं वर जातं.

घडवणारी : म्हणजे तीन किलोंच्या मूर्तीसाठी गिऱ्हाईक नऊ किलोंचं भाडं भरणार, त्यातले सहा किलो हवेचे आणि फोमचे. वर फोमचे पैसे वेगळे. एवढं करून मूर्ती मोडली तर अनेक कुरिअरच्या अटींत मातीच्या आणि काचेच्या वस्तूंची भरपाई बसत नाही. आणि तो फोम शेवटी जाणार कुठे? सजावटीच्या थर्मोकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली तेव्हा आम्ही मूर्तिकारांनी आनंदाने मखरं पुठ्ठ्याची आणि कापडाची केली. पाण्यात विरघळणारी मूर्ती द्यायची आणि तिच्याभोवती न विरघळणारी दीड घनफूट वस्तू पाठवायची? घरच्या बादलीत मूर्ती दोन दिवसांत माती होते. तुमचा फोम तसाच राहतो.

बांधणारा : हा प्रश्न खरा आहे. मोटारीच्या कारखान्यात तो सुटलाय, पण तिथे रस्ता ठरलेला असतो. व्हेंडर भोसरीत, लाइन चाकणला. सुटा भाग खाचा पाडलेल्या प्लास्टिकच्या बिनमध्ये बसून जातो आणि रिकामी बिन त्याच गाडीने परत येते. बांधणी फेकावी लागत नाही, कारण ती परत येते. तुमच्या बाबतीत गुरुग्रामहून रिकामा खोका परत मागवायचा, तर त्याचंही नऊ किलोंचं भाडं.

घडवणारी : परत येणारी बांधणी आमच्याकडे होतीच की! कोकणात अजून आहे. घरचा पाट आधी मूर्तिकाराच्या शाळेत नेऊन द्यायचा. मूर्तिकार त्याच पाटावर मूर्ती बसवणार, आणि चतुर्थीला किंवा आदल्या दिवशी घरचं माणूस येऊन पाटासकट मूर्ती उचलणार, तोंडावर रुमाल टाकून, बांधावरून सांभाळत घरी नेणार. पाट घरचा, पुढच्या वर्षी पुन्हा तोच. बैठकीवर भार, सोंडेला कशाचा स्पर्श नाही, तुम्ही सांगितलेले सगळे नियम त्यात आहेत. फक्त फोमच्या जागी नेणारं माणूस आहे, आणि त्याला आत काय आहे ते ठाऊक आहे. तुम्ही जे सामानाने भरून काढताय, ते तिथे माणसाचं येणं भरून काढतं. माझी तक्रार कुरिअरबद्दल नाहीच. मूर्ती आणायला कुणी येत नाही, याबद्दल आहे.

बांधणारा : गुरुग्रामहून कोण येणार, ताई? तिथे दोघांनाही सुट्टी मिळत नाही, सासू-सासरे चिखलीत, मूल दुसरीत. ते तुमची मूर्ती मागतात, कारण त्यांना येता येत नाही. येऊ शकणाऱ्यांचा रिवाज न येऊ शकणाऱ्यांना लावून तुम्ही त्यांना दोनदा शिक्षा करताय. इथली निम्मी वस्तीच बाहेरून आलेल्यांची. टेल्को आली, बजाज आली, एचए (हिंदुस्तान अँटिबायोटिक्स) आली, तशी माणसं लातूर-सांगली-जळगावाहून इथे आली आणि गावचे देव बरोबर घेऊन आली. ते देव कुठल्या ना कुठल्या गाठोड्यात बांधूनच आले असतील. आणि तुमचा शाडू तरी इथला आहे का? गुजरातेतून गोणीत येतो.

घडवणारी : माती गोणीत आली तर काय बिघडतं? तिला अजून मोडण्यासारखं काही नसतं.

पण तुम्हाला एक विचारते. प्लॅस्टर ऑफ पॅरिस इतकं का पसरलं? स्वस्त म्हणून, पटकन घट्ट होतं म्हणून, हे सगळे सांगतात. त्यात प्रवासाचाही वाटा आहे. ते हलकं आहे, आतून पोकळ ओतता येतं, ट्रकमध्ये एकावर एक रचलं तरी तडा जात नाही. पेण, हमरापूर, जोहे इथून राज्यभर आणि परदेशी मूर्ती जायला लागल्या, तसं जे ट्रकमध्ये टिकतं तेच जास्त घडायला लागलं. पुढे नदीचं, तलावाचं काय झालं ते पवनेच्या काठावर राहणाऱ्याला सांगायला नको. प्रवासाला सोयीचं म्हणून एकदा पदार्थ बदलला. आता तुम्ही मला म्हणणार, पदार्थ राहू द्या, आकार बदला.

बांधणारा : म्हणणारच होतो. उजवा हात छातीपासून तीन बोटं पुढे असतो, तो एक बोट पुढे घ्या. अंकुश वेगळा करून डबीत द्या, घरी बसवतील. सोंडेचं टोक मोदकाला टेकलेलं ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी आधार. कान डोक्यापासून थोडे कमी सुटे. बघणाऱ्याला कळणारही नाही.

घडवणारी : मला कळेल. तीन बोटं पुढे असलेला हात बघणाऱ्याकडे येतो. एक बोटावर आला की तो मूर्तीचाच राहतो, माणसाकडे येत नाही. त्या अंतरात माझ्या सासऱ्यांचं सगळं शिक्षण आहे.

(दोघांच्या मध्ये पडू नये हे कळत असूनही लिहिणाऱ्याला इथे थांबावंसं वाटतं. हाताचं हे अंतर मला या सगळ्या बोलण्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, आणि ते वाचवणं खोक्याचं काम आहे, हाताचं नाही, असं माझंही मत आहे. पण कारागीर घडवताना अनेकदा प्रवासाचाही विचार करतो, हेही खरं. दगडाच्या मूर्तीत हात आणि देह यांच्यामध्ये शिल्पकार जाणून दगड ठेवतो, तो शोभेसाठी नसतो.)

बांधणारा : मग दुसरा रस्ता आहे, आणि तो तुमच्याच धंद्यात जुना आहे. पेणहून गावोगावी कच्च्या मूर्ती जातात, न रंगवलेल्या. रंग तिथला कारागीर देतो. रंग नाही म्हणजे चिकटणं नाही, बुडबुडे नाहीत. एखादी भेग पडली तरी तिथे शाडूचा हात फिरवून बुजवता येते. बंगळूरला महाराष्ट्र मंडळ आहे, तिथे एखादा चित्रकार सापडेल. तुम्ही घडवा, त्याने रंगवावं.

घडवणारी : आणि डोळे? डोळ्यांची आखणी कोण करणार? फोन करणारा 'तो चेहरा' म्हणतो, तो चेहरा मातीत निम्मा असतो. उरलेला निम्मा त्या दोन बारीक रेषांत. पेणचा कारखानदार हजारो मूर्ती पाठवतो, त्याचं नाव घडणीवर चालतं. माझ्याकडे मोजक्या मूर्ती. डोळे दुसऱ्याने आखले तर मी पाठवलं काय?

बांधणारा : ठीक. डोळे तुमचे. मग पूर्ण मूर्तीच पाठवायची, आणि ती शाबूत पोचेल याची खात्री काढायची. परदेशाचं आत्ता सोडून देऊ. तिकडे पेंढा चालत नाही, लाकडी पेटी असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवून शिक्का लागतो, आणि...

घडवणारी : आणि शिक्का असला तरी भागत नाही. २०२५ ला आपल्या टपाल खात्याने अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं २५ ऑगस्टला थांबवलं, तिथल्या जकातीचे नियम बदलले म्हणून. चतुर्थी होती २७ ला. सेवा पुन्हा सुरू झाली ती दिवाळीच्या तोंडावर. खोक्यात काय कमी होतं?

बांधणारा : काही नाही. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, म्हणूनच ते सोडून देऊ म्हटलं. देशातल्या देशात बोलू. शंभर मूर्ती नीट बांधल्या तर त्यातल्या अठ्ठ्याण्णव पोचाव्यात, असं लक्ष्य ठेवता येतं. कारखान्यात आम्ही दहा लाखांत किती खराब, असं मोजायचो. तिथवर जाणं तुम्हाला नको. पण दोन मोडतील हे आधीच धरून दोन जादा घडवून ठेवा.

घडवणारी : ते दोन कोण, हे मला कोण सांगणार? तुमच्या मोजणीत दोन म्हणजे दोन टक्के. माझ्याकडे ते एक घर असतं. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी आरास झालेली, पोरं खोक्याभोवती बसलेली, आणि उघडल्यावर हात वेगळा. जादा मूर्ती माझ्या फळीवर चिंचवडला. ती सकाळपर्यंत कशी पोचणार? हेडलॅम्प फुटला तर लाइन तासभर थांबते, दुसरा येतो. त्या घराची चतुर्थी थांबत नाही.

बांधणारा : प्राणप्रतिष्ठेआधी ती मातीच असते, हे गुरुजीही सांगतील. मोडली तर दोष लागत नाही.

घडवणारी : शास्त्राने लागत नसेल. खोकं उघडणाऱ्या सात वर्षांच्या मुलाला ते शास्त्र ठाऊक नसतं. आणि खरं सांगायचं तर मलाही डोळे आखल्यानंतर ती नुसती माती वाटत नाही.

बांधणारा : म्हणूनच चाचणी म्हणतोय मी. आठ दिवस आधी पोचेल असं पाठवू, म्हणजे मोडली तर दुसरी पाठवायला वेळ राहील. आणि त्याआधी खोका पाडून बघू. मला तीन मूर्ती द्या. रंगवू नका, आखणी करू नका. शाडूच आहे, मोडली तर भिजवून तीच माती परत तुमच्या परातीत. तुमचं जाईल ते फक्त काम, त्याचे पैसे मी देतो. दहा वेळा पाडतो, उघडतो, काय तुटलं ते बघतो, पोकळी बदलतो, परत पाडतो.

घडवणारी : मूर्ती पाडायला मी देणार नाही.

बांधणारा : मग तडा गेलेल्या, बाजूला काढलेल्या द्या.

घडवणारी : त्या आधीच कमजोर. त्या मोडल्या तर तुमच्या खोक्याबद्दल काय कळणार?

बांधणारा : हे तुम्ही बरोबर पकडलंत. काहीच कळणार नाही. मग त्याच वजनाचं, त्याच मापाचं दुसरं काही करून द्या. गणपती नको. साधा हत्ती करा, बसलेला.

घडवणारी : हत्ती करता येईल. सोंड येईल, कान येतील.

बांधणारा : हात?

घडवणारी : हत्तीला हात कसा असेल?

बांधणारा : पण मोडतो तर हातच. हात नसलेला हत्ती पाडून मला खोक्याची परीक्षा घेता येणार नाही. त्याला उजवा हात द्या, मनगटापाशी तेवढाच बारीक, छातीपासून तेवढाच पुढे. बैठक तशीच रुंद, नाहीतर तोल वेगळा पडेल. पोटही द्यावं लागेल, वजनासाठी.

घडवणारी : सोंड, कान, पोट, पुढे आलेला उजवा हात, मांडी घातलेली बैठक. दादा, मग राहिलं काय?

बांधणारा : डोळे राहिले. ते तुम्ही करू नका.

घडवणारी : तुमची चाचणी खरी व्हायची तर तो जितका मूर्तीजवळ येईल तितकं चांगलं. मला तो पाडू द्यायचा तर तो मूर्तीपासून जितका लांब राहील तितकं चांगलं. मुकुट ठेवणार नाही. सोंड सरळ ठेवते, वळण देत नाही.

बांधणारा : सरळ सोंड वळणदार सोंडेपेक्षा वेगळ्या ठिकाणी मोडते.

घडवणारी : मग वळण देते, पण तळव्याला बोटं करत नाही.

बांधणारा : बोटं नाहीत तर हात टोकाला हलका होतो. झटका कमी बसेल, आणि मी तुम्हाला खोटी खात्री देईन. बोटांऐवजी तेवढ्या वजनाचा गोळा लावाल का?

घडवणारी : गोळा लावते. पण पाडताना मी तिथे असणार, आणि तुम्ही कुठल्या बाजूने पाडताय ते मला आधी सांगायचं.